रूपाली कधी येणार

"हॅलो?… कोण?… एक मिनिट हं, हाताला चीक लागलाय…"

मालनबाईंनी रिसीव्हर खांद्यानं कानाशी दाबला आणि पदराला हात पुसत पुटपुटल्या, "या घरात फोन उचलायला मी एकटीच जन्माला आलेय." ही कुरकुर सोफ्यावरच्या नवऱ्यासाठी होती. त्यांनी पेपर जरा वर धरला, इतकंच.

"हां, बोला… अगंबाई, विहीणबाई! मला वाटलं, महेशच सातपूरच्या कारखान्यातून करतोय… बरे आहोत, सगळे बरे. बाळ कसंय?… पालथं पडतंय? कधीपासून?… नाही हो, महेश कुठला सांगतोय. घुम्या आहे तो."

सून रूपाली दिवाळीच्या आधी बाळंतपणाला येवल्याला माहेरी गेली होती. आता एप्रिल सरत आला होता. मुलगा महेश दर रविवारी एसटीनं जायचा आणि एकटाच परत यायचा. काही बोलायचा नाही, आणि मालनबाईही विचारायच्या नाहीत. त्या विचारायच्या ते विहीणबाईंना, म्हणजे झुंबरबाईंना. तेही हसत हसत.

"मग, कधी पाठवताय लेकीला?… हो… हो, ऊन तर आहेच. पण नाशकात तुमच्याइतकं नसतं हो… बरं… मागावर? रूपाली बसलीये मागावर?… बाळ झोपलं की. बरं बरं… पदर राहिलाय का अजून… नाही, पैठणीचा पदर म्हणजे वेळ लागणारच. मोर काय असे झटकन उतरतात?"

आधी अमावस्या होती. मग बाळाची सर्दी. मग झुंबरबाईंच्या चुलतसासऱ्यांचं वर्षश्राद्ध. मालनबाईंनी प्रत्येक कारण नीट घडी घालून ठेवलं होतं. आता पदर.

"छे, रागावले नाही… खरंच. मी रागावणं सोडलंय आता… अहो, हसू नका. आमच्या भजनी मंडळात एक ताई आल्या होत्या, सहनशीलतेवर बोलायला. म्हणाल्या, रोजच्या माणसांशी पाहुण्यासारखं बोलून बघा. मी लगेच सुरू केलं. भांड्याला सिंधुबाई आल्या, तर म्हटलं, या, बसा, पाणी घ्या… तर दुसऱ्या दिवसापासून बाई बेपत्ता. तिला वाटलं, कामावरून काढलं… हो ना. हेही असेच हसले."

झुंबरबाईंचं हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या.

"कुरडया? घातल्या असत्या, पण बिघडला चीक… काय करणार, एकटीनं ओतायचं आणि एकटीनंच घाटायचं. गुठळ्या झाल्या, खाली लागलं. मग घेतलं स्वतःलाच फैलावर. एवढी मोठी झाली तरी अक्कल नाही, हात आहेत की लाकडं… हो, मोठ्यानं. तर हे दारात उभे. म्हणाले…"

म्हणाले होते, "मागच्या वर्षीचेच शब्द आहेत हे."

"…काही नाही. म्हणाले, असू दे."

मागच्या उन्हाळ्यात घराच्या गच्चीवर, गल्लीतल्या बायका गोल बसलेल्या असताना, मालनबाईंनी तेच शब्द रूपालीला ऐकवले होते. तिनं घातलेल्या ओल्या कुरडया कापडासकट उचलून गायीच्या बादलीत टाकल्या होत्या. पोरीला नुकते दिवस गेले होते, ते कुणाला माहीत नव्हतं. मालनबाई नंतर ते विसरूनही गेल्या. दूध उतू गेलं, किल्ली सापडेना, की हेच शब्द त्या स्वतःला ऐकवत आल्या होत्या. त्यांना त्याची इतकी सवय, की दुसऱ्याला ते लागत असतील हे कधी डोक्यातच आलं नाही.

"विहीणबाई, आहे का हो ती जवळ?… द्या ना जरा… नाही, कामाचं काही नाही…"

बराच वेळ नुसता मागाचा खटखटाट ऐकू येत राहिला. मग तो थांबला.

"हॅलो, रूपाली?… बरी आहेस ना?… जेवलीस?… हं… बाळ झोपलं?… हं… पदर कुठवर आला?… असू दे, असू दे. सावकाश कर, घाई नाही…"

घाई नाही म्हटलं आणि मालनबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. सहनशीलतेच्या ताईंनी अशा वेळी काय बोलायचं ते सांगितलं नव्हतं. सोफ्यावरचा पेपर खाली आला.

"हॅलो… आहेस ना?… अगं, ऐक. ते ऊन, तो पदर, सगळं बाजूला ठेव. तुझी आई सांभाळून घेते, महेश गप्प बसतो, आणि मीही इतके दिवस बरं, बरं करत राहिले… मला बोलू दे. सुटला धीर तर परत नाही जमायचं… रूपाली, तू माझ्या तोंडाला भिऊन येत नाहीस… उगाच नाही म्हणू नकोस."