जेलरसाहेबांच्या छतावर

...अहो, मी काय हौसेनं गेलो होतो का जेलवर घिरट्या घालायला? गळती काढणारा माणूस मी! लोकांच्या छपरांवर चढून चढून गुडघ्यांची पार वाट लागली, म्हणून बायकोनं मागे लागून ड्रोन घ्यायला लावला. "तुम्ही खाली खुर्चीत बसा, चढू दे त्याला!" तेव्हापासून तो ड्रोन म्हणजे माझे पाय, तुम्हाला सांगतो. तो वर, मी खाली, भेग कुठाय ते पडद्यावर! सुखात चाललं होतं... आणि जेलरसाहेबांचा फोन आला.

"अहो, पलंगावर बादली ठेवून झोपतोय आम्ही, उद्याच या!" आता साहेबांचा बंगला कुठं? जेलच्या भिंतीला चिकटून! म्हटलं, साहेब, तिथं उडवायचं म्हणजे... "अहो, मी बोलावतोय ना!" बोलावलं कोणी? त्यांनीच!

गेलो. साहेब तोवर ऑफिसात. बाईसाहेब अंगणात उभ्या राहून सांगतायत, "जरा डावीकडं घ्या, तिकडं जास्त गळतं." घेतलं डावीकडं. वाऱ्याचा एक झोत आला आणि गेला की ड्रोन भिंतीपलीकडं! असा भोंगा वाजला म्हणता... शिट्या काय, धावपळ काय, कैदी हात हलवतायत, पहारेकऱ्यांच्या बंदुका आभाळाकडं, आणि एकजण माझ्यावर ओरडतोय, "हात वर!" अहो, हात वर केले तर त्याला खाली आणायचं कोणी?

नेलं साहेबांसमोर. मला वाटलं, सुटलो! तर साहेब कडक गणवेशात, ओळखसुद्धा दाखवेनात. "हे विमान कोणाचं?"

"विमान? साहेब, ताटाएवढं आहे ते!"

"कायद्यात विमानच. परवानगी कुठाय?"

"साहेब, तुम्हीच तर फोन..."

"तो घरचा माणूस म्हणून केला. इथं मी अधिकारी आहे. अधिकाऱ्याला विचारलंत?"

बोलावलं कोणी? त्यांनीच! पकडलं कोणी? त्यांनीच!

जामिनावर सुटलो आणि तडक एक वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "कैद होईल, किंवा दंड, किंवा दोन्ही." चहा की कॉफी विचारावं इतक्या सहज! म्हटलं, बाई, तिसरं काही नाही का? "आहे ना, यंत्र जप्त. ते झालंच." माझे पाय नेऊन कपाटात कोंडले की! घरी आलो तर बायको म्हणते, "आत कोणी शिडीवर तरी चढवणार नाही. तेवढाच गुडघ्यांना आराम."

वकीलबाईंनीच सांगितलं, निदान आता तरी परवानगीसाठी रीतसर अर्ज करा, कोर्टात बरं दिसतं. केला. आणि परवा साहेबांचा फोन, आवाज अगदी गोड! "अभिनंदन, परवानगी मंजूर! या, गळतंय अजून."

"साहेब, पण ड्रोन?"

"तो पुरावा आहे. निकालापर्यंत मिळणार नाही."

"मग उडवू काय?"

"ते तुम्ही बघा. परवानगी उद्यापुरतीच आहे हं."

जाऊन सांगतो कोणाला? बोलावलं कोणी... जाऊ दे! शिडी लावली. एकेक पायरी, गुडघे कुरकुरतायत, मी आई गं आई गं करत वर पोचलो, तर खालून पहारेकरी ओरडला, "ओ, भिंतीपलीकडं नजर टाकायची नाही! तोही गुन्हा आहे!" आणि गळती नेमकी कुठं? त्याच कडेला! घेतले डोळे मिटून, बसलो चाचपडत. तेवढ्यात अंगणातून साहेब, "काय हो, दिसतंय का काही?"

म्हटलं, "साहेब, चढायची परवानगी आहे... बघायची कुठाय?"