आधी डोळे झाका!

टाळकरी मंडळी, जरा हात थांबवा! एक प्रश्न सकाळपासून डोक्यात घोळतोय. डाग कुठं असतो हो? गालावर — की बघणाऱ्याच्या डोळ्यात? लगेच "डोळ्यात, डोळ्यात" म्हणू नका! बुवाला खूश करायची तुम्हाला फार घाई! आधी ऐका.

बार्शीकडच्या पद्माताई. लेक अमृता पोटात असताना गालांवर वांगाचे डाग आले. लेक लग्नाला आली, डाग काही हलेनात! लिंबू झालं, हळद झाली, जाऊबाईंनी दिलेली ट्यूब झाली — तोंड आणखी काळवंडलं! आणि साखरपुड्यात, चारचौघांत, विहीणबाईंनी विचारलं, "अगंबाई, तोंडाला काय झालं हो?"

झालं! घरी येऊन ताई म्हणाल्या, "अमृता, तुझं कन्यादान काका-काकू करतील. मी पाटावर बसणार नाही."

"तू नाहीस, तर मीही बोहल्यावर चढणार नाही!" लेकीनं हात धरून नेलं सोलापूरला, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं. त्या म्हणाल्या, "ती ट्यूब आधी बंद. उन्हापासून जपायचं. मग लेसर. डाग फिके पडतील, पण पुसून टाकायचं वचन मी देत नाही."

आला लेसरचा दिवस. आता गंमत बघा! इलाज गालाचा — आणि झाकले काय? डोळे! ताईंचे झाकले. डॉक्टरीणबाईंनी काळा चष्मा चढवला, नर्सनं चढवला, अमृतानंही! का? तर उजेड एवढा तिखट, की उघड्या डोळ्यानं बघणाऱ्याचीच नजर जायची!

टक्! टक्! गालावर रबर आपटल्यासारखं. आणि ताई बोलायला लागल्या की हो! लग्नाचं जेवण, साड्या, मानपान — मध्येच खळखळून हसल्या! अमृताला रडू फुटलं. "आई, किती वर्षांनी अशी मोकळी बोलतीयस!"

ताई हळूच म्हणाल्या, "डाग तर अजून तिथंच आहेत गं. मग आत्ता कशी बोलले मी?"

काय सांगाल, मंडळी?

लग्नापर्यंत डाग फिके झाले, गेले नाहीत. ताई पाटावर बसल्या! विहीणबाई वाकून निरखतायत — "अजून आहेतच की हो!"

"आहेत की! इलाज चालू आहे. पण तिथं बघणाऱ्यालाच काळा चष्मा लावतात, विहीणबाई. तुमच्यासाठी एक मागून घेऊ का?"

मांडव हसला! विहीणबाईही हसल्या — करतील काय!

इलाज जरूर करा, मंडळी. डॉक्टरांना बुद्धी देवानंच दिलीय. पण खरं सांगा, मघापासून शेजारणीच्या गालाकडं कितीजणींनी चोरून बघितलं? मी इथून बघतोय हं! मिटा आता डोळे. मिटले? दिसतोय कुणाचा डाग?

आता तेच डोळे उघडा — आणि वाजू द्या टाळ!