तीन आठवड्यांचं सामान

तैवानच्या ताओयुआन विमानतळावर माझी बॅग तपासणीत अडकली होती. माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटी पेई-वन व्हँकुव्हरला निघालेली, थोरली तिला सोडायला आलेली. धाकटीची पॉवर बँक चुकून चेक-इनच्या मोठ्या बॅगेत राहिली होती; तिथे ती चालत नाही, म्हणून बॅग उघडायला लावली होती.

"राहू दे ताई, मी काढते."

"उशीर होतोय. दोघी मिळून शोधू. हा लोकरीचा कोट कशाला? जुलै चाललाय."

"तिकडे संध्याकाळी गारठतं."

"म्हणून दोन कोट? आणि हा भाताचा कुकर?"

"ताई, मागे लोक थांबलेत."

"थांबू देत. तीन आठवड्यांसाठी कुणी कुकर नेतं?"

"नोकरी मिळालीय मला तिकडे. सांगणारच होते."

"कधी? विमानातून? आणि बाबांना काय सांगू मी?"

"त्यांना माहीत आहे. कुकर त्यांनीच आणून दिला."

थोरली कोट चाचपू लागली. पॉवर बँक कोटाच्या खिशात सापडली. ती तिनेच धाकटीच्या हातात ठेवली.

"महिना झाला असेल हे ठरून?"

"दोन."

"हं. सरक बाजूला. कुकर असा रिकामा ठेवलास तर चेपेल. मोजे दे इकडे."