काडी कुठवर गेली

डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरात कोविडच्या चाचणीतंबूबाहेर रांग होती. बाळाची गाडी मी दोन मीटरांपेक्षाही मागेच धरली होती, कारण पुढचे आजोबा खोकत होते आणि त्यांची मुलगी त्यांना दटावत होती.

“घरी तीनदा केली की गं चाचणी, लोने. तिन्ही वेळा निगेटिव्ह.”

“काडी नाकात कुठवर घातलीस, बाबा?”

“डोळ्यांत पाणी येईपर्यंत.”

“खरं सांग.”

“पाणी येईल असं वाटेपर्यंत.”

“म्हणजे दारातूनच डोकावलास आणि घरात कोणी नाही म्हणालास!”

“अगं, उद्या तुझ्या आईचा वाढदिवस. इथे पॉझिटिव्ह निघालो तर तिच्या वृद्धाश्रमात पाऊल ठेवू देणार नाहीत.”

“आणि तसाच गेलास तर तिला देऊन येशील.”

“मी मास्क लावतो ना तिथे.”

“तिच्या खोलीतसुद्धा?”

तेवढ्यात आतून नर्सने हाक मारली.

“या, प्रेबेन. डोकं मागे टेका. अगदी हळूच करते हं.”

“नको बाई, हळू नको. चांगली खोल घाला. मास्कमध्ये बायको मला ओळखत नाही, म्हणून तिच्या खोलीत मी तो रोज काढतो.”