सही करून राहिले

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, प्राचार्या मायाताई देवतळे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, विभागातील माझे जुने सहकारी, सत्कारमूर्ती डॉ. ऋतुजा हेडाऊ, पहिल्या रांगेत बसलेले तिचे वडील, उमरेडचे ईश्वरदासजी, आणि या सभागृहात उकाडा सोसत बसलेल्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

निरोपाच्या भाषणात वक्त्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. जाणाऱ्याचे गुण सांगावेत आणि प्रवासाला शुभेच्छा द्याव्यात. ऋतुजाचे गुण माझ्या आधीच्या तिघांनी सांगितले आणि त्यांत खोडण्यासारखे मला काही आढळले नाही. शुभेच्छांबाबत मात्र मी आज थोडा अडखळणार आहे. तो वयाचा दोष समजू नये. कारण पुढे येईल.

ऋतुजा परवा ज्या देशात जाणार आहे, त्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर नाही. ते मीच छापू दिले नाही आणि इथेही घेणार नाही. हा देश स्वतंत्र होऊन सहा वर्षे झाली. उत्तरेला राजधानी, दक्षिणेला बंदर, मधे नदी आणि नदीवर एकच पूल. राजधानीत पंतप्रधान, बंदरावर सेनापती. पंतप्रधान पूर्वी शाळेत भूमिती शिकवीत. सेनापती मच्छीमाराचा मुलगा. स्वातंत्र्यलढ्यात दोघे सात वर्षे एकाच कोठडीत होते. एका भाकरीचे दोन तुकडे करणारी ही माणसे आज एकमेकांच्या हद्दीत पहारा घेतल्याशिवाय पाऊल ठेवीत नाहीत. मागच्या वर्षी तिथे ईदसुद्धा दोन झाल्या. राजधानीने चंद्र दिसल्याचे जाहीर केले, बंदराने दिसला नाही म्हणून सांगितले. पुलाच्या अलीकडे गळाभेटी चालू होत्या आणि पलीकडे लोक रोजा धरून होते.

हे मला कसे ठाऊक? इद्रिसमुळे. हा इद्रिस त्याच देशाचा. नऊ वर्षांपूर्वी आपल्याच विभागात शिकला. आज तो तिथल्या संविधान समितीचा सचिव आहे. विद्यार्थी म्हणून हुशार, उच्चाराने स्पष्ट, आणि मराठीच्या बाबतीत माझ्या दृष्टीने पूर्ण बिघडलेला. कारण तो मराठी माझ्याकडे शिकला नाही. धंतोलीत दवाखान्यांच्या गल्लीत सिंधूताईंची खानावळ आहे. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्या दोन्ही वेळा स्वयंपाक करतात. इद्रिस चार वर्षे तिथे जेवला आणि भाषाही तिथेच उचलली. मी वाईचा. एकेचाळीस वर्षे नागपुरात राहूनही मी ‘मले’ म्हटलेले नाही. इद्रिसच्या निबंधांत ‘का’च्या जागी येणारे ‘काहून’ मी लाल शाईने खोडत असे. तो हसून म्हणे, “सर, तुम्ही खोडून राहिले, मी लिहून राहिलो.”

देशात परतल्यावर तो मला मराठीतच निरोप पाठवू लागला. त्याचे म्हणणे असे, की तिथले फोन दोन्ही बाजूंचे लोक वाचतात आणि मराठी मात्र दोघांपैकी कोणालाच येत नाही. त्याच्याच निरोपांतून ऋतुजाला मसुदा-सल्लागार म्हणून बोलावणे आले. काम एका कलमाचे. चौदावे कलम. ‘सेना निर्वाचित शासनाच्या अधीन राहील.’

आपल्याला हे वाक्य इतके साधे वाटते की परीक्षेत त्यावर प्रश्नही येत नाही. पण राज्य म्हणजे तरी काय? शेवटचा शब्द कोणाचा, या प्रश्नाला सर्वांनी दिलेले एकच उत्तर. ते उत्तर तिथे अजून दिले गेलेले नाही. सेनापतींची हरकत एका शब्दावर आहे. त्यांच्या भाषेत ‘अधीन’ला जो शब्द आहे, तोच बंदिवानालाही लावतात. सात वर्षे बंदिवान राहिलेला माणूस म्हणतो, या शब्दाखाली माझे नाव येणार नाही. पंतप्रधान म्हणतात, आज हा शब्द सैल केला तर उद्या पुलावरचे रणगाडे माझ्या दारात उभे राहतील. विद्यार्थ्यांनो, यांतला खोटा कोण, हे मला विचारू नका. दोघांचे म्हणणे मी वर्गात समान ताकदीने मांडून दाखवू शकतो, आणि मला भीती वाटते ती नेमकी याचीच.

नऊ दिवसांपूर्वी इद्रिसचा निरोप आला. दोनच वाक्ये. ‘सेनापती राजधानीत आले. सही करून राहिले.’

मी ते वाचले आणि तर्क बांधला. सेनापती राजधानीत आले, सही केली, आणि सही करून तिथेच राहिले. जो सैनिक सही करतो आणि पंतप्रधानांच्या शहरात पाहुणा म्हणून मुक्काम करतो, त्याने कलम मनापासून स्वीकारले आहे. तेव्हा देश आता सुरक्षित आहे. आयुष्यभर मी तर्कशास्त्र शिकवले. या अनुमानात कुठे फट नव्हती. मी त्याच दिवशी ऋतुजाला सांगितले, तिकीट काढ.

दुसऱ्या दिवशी मी उमरेडला गेलो. ईश्वरदासजी घरच्या मागावर बसले होते. माग थांबवून त्यांनी मला पाणी दिले आणि मी मांडलेले सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “मले कलम-बिलम समजत नाही, सर. त्या दोघांचं जमलं का नाही, तेवढं सांगा.”

मी म्हणालो, “जमले आहे. सही झाली.”

“तुम्ही म्हणता तं झाली,” ते म्हणाले, आणि त्यांनी मुलीला परवानगी दिली. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर माझ्यावर कोणी विश्वास ठेवल्याचे मला आठवत नाही.

आता आजच्या दुपारकडे येतो. तीन वाजता सिंधूताई इथे आल्या. इद्रिससाठी लसणाच्या चटणीची बरणी ऋतुजाकडे द्यायची होती. मी कौतुकाने त्यांना तो निरोप दाखवला. तुमच्या खानावळीतल्या पोराने केवढे काम केले पाहा, म्हणून. त्यांनी फोन लांब धरून वाचला आणि मला विचारले, यात आनंदाचे काय आहे? मी म्हणालो, सही झाली.

“झाली कुठं जी, सर? करून राहिले म्हणते नं तो. मी पोळ्या करून राहिली म्हटलं तं पोळी तुमच्या ताटात पडली काय? एवढे शिकले अन् एवढं नाही समजत तुमाले?”

आपण हसलात, ते योग्यच आहे. त्या क्षणी मला हसू आले नाही. या शहरातला प्रत्येक भाजीवाला, प्रत्येक रिक्षावाला रोज बोलतो ते क्रियापद मी वाईच्या व्याकरणाने वाचले होते. इद्रिसने लिहिले होते: सेनापती आले आहेत, सही करत आहेत. म्हणजे कागद पुढ्यात आहे, लेखणी कदाचित हातात आहे, आणि शब्दावर अजून वाद चालू आहे. ज्याला मी पूर्ण झालेले समजलो, ते सुरू होते. नऊ दिवस इद्रिसकडून अक्षर नाही. त्या शांततेला मी उत्सवाची गडबड समजत होतो. आता मला तसे समजता येत नाही. तीनपासून मी त्याला अकरा वेळा फोन लावला. वाजतो, कोणी उचलत नाही.

साडेचारला मी ऋतुजाला विभागाच्या खोलीत बोलावून हे सगळे सांगितले आणि तिकीट रद्द करावे असे सुचवले. ती म्हणाली, “सर, सही झाली असती तर मला तिथं फक्त टाळ्या वाजवायच्या होत्या. झाली नाही, म्हणजे शब्द अजून शोधायचा आहे. काम तर आता आहे.”

मी धोके मांडले. पूल, रणगाडे, बंद पडू शकणारा विमानतळ. तिने एकही नाकारला नाही. तिच्या युक्तिवादातली चूक मी अजून शोधतो आहे आणि ती सापडावी अशी माझी फार इच्छा आहे. शेवटी ती एवढेच म्हणाली, की बाबांना तुम्हीच सांगा, त्यांनी ‘झाली’ हे तुमच्या तोंडून ऐकले आहे.

ईश्वरदासजी उमरेडच्या गाडीने पोहोचले तेव्हा इथे स्वागताचे हार सुरू झाले होते. एकांतात बोलण्याची संधी मला मिळाली नाही. कार्यक्रम उरकेपर्यंत गप्प बसावे, असा एक विचार मनात आला, हे मी लपवत नाही. पण त्या गप्प बसण्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या, आणि त्या मला घेता आल्या नसत्या. म्हणून, ईश्वरदासजी, चारशे लोकांसमोर सांगतो: सही झालेली नाही. त्या दोघांचे जमलेले नाही. तुम्हाला दिलेला शब्द मी परत घेतो. तुमच्या परवानगीचा तुम्ही नव्याने विचार करावा. तो अधिकार तुमचा आहे, आणि तिचा.

ते उभे राहिले आहेत. बसून बोललात तरी चालेल, ईश्वरदासजी… हो. हो, ऐकतो आहे.

मागच्यांना ऐकू गेले नसेल, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो. ते म्हणतात, “थांब म्हटलं तं पोरगी थांबेल बी. पन मंग तिचं तोंड मले पाहवणार नाही. जाऊ द्या. पन आता तिकडची खबर सिंधूबाईकडं येईल, सर. तुमच्याकडं नाही.”

अट मला मान्य आहे. यापेक्षा कठोर निकाल मला योग्य वाटला असता.

ऋतुजा, तुझ्या निर्णयाला मी आशीर्वाद देतो. माझे मत मात्र अजून तुझ्या बाजूने झालेले नाही. तिथे कोणताही कागद पुढे आला तर विचार, झाले की होऊन राहिले? मगच आम्हाला कळव. त्या दोन माणसांना दोघांनाही उच्चारता येईल असा शब्द तुला सापडो.

अध्यक्षांनी दिलेल्या वेळेपेक्षा मी जास्त बोललो. आयोजकांचे, ईश्वरदासजींचे आणि माझे वाचन दुरुस्त करून आता मागच्या रांगेत बसलेल्या सिंधूताईंचे आभार मानतो. माझ्या बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर तो दोष पोटात घालावा. आणि आणखी एका गोष्टीची माफी आत्ताच मागून ठेवतो. माझा फोन या टेबलावर चालू आहे. पुढच्या वक्त्यांच्या भाषणात तो वाजला, तर मी उठेन आणि तो उचलून सिंधूताईंच्या हातात देईन.