योग्य उमेदवार मिळाला नाही

सन्माननीय अध्यक्ष, शिक्षण खात्याकडून आलेले पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या संस्थेचे मावळते कार्यवाह कोंडाजीराव तथा तात्यासाहेब, संचालक बंधू, शिक्षकवृंद, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या माझ्या भगिनींनो,

खजिनदाराला बोलायला उभं केलंत, तेव्हा आधी आलेल्या वस्तू सांगते. शाल एक, एकशे दहा रुपये. श्रीफळ एक, चार रुपये. हार दोन, पंचवटीतून, चोवीस सांगितले होते, वीसला दिले. पेढे दोन किलो, ऐंशी. पेढे मोजून आहेत, एकेकच घ्यावा.

आता तात्यासाहेबांविषयी. संस्थेच्या घटनेत एक जागा महिलेसाठी राखून ठेवलेली आहे, म्हणून १९७९ साली ते स्वतः आमच्या घरी आले. मी तांदूळ निवडत होते. म्हणाले, "वहिनी, सही येते ना?" मी म्हटलं, "मॅट्रिक झालेय." "मग झालं तर." ना अर्ज, ना मुलाखत. सूप बाजूला ठेवेपर्यंत मी संचालक झाले आणि चहा पिऊन होईपर्यंत खजिनदार. राखीव जागेसाठी माणूस इतक्या झटपट शोधणारा कार्यवाह जिल्ह्यात दुसरा असेल का?

पण शाळेतल्या कारकुनाच्या जागेने मात्र त्यांची कसोटी पाहिली. ती जागा मागासवर्गीयांसाठी राखीव. दरवर्षी जाहिरात, दरवर्षी अर्ज, दरवर्षी मुलाखत, आणि दरवर्षी खात्याला अहवाल : योग्य उमेदवार मिळाला नाही. मग केवळ एका वर्षापुरते म्हणून त्यांचे पुतणे सहादूभाऊ त्या खुर्चीत बसत. असं एकेक वर्ष करत पाच वर्षं झाली. पुतण्याला बसवताना तात्यासाहेबांना किती यातना होत असतील, हे तेच जाणोत.

उमेदवार का मिळत नव्हता? मुलाखत सोमवारी सकाळी दहाला असे, आणि बोलावण्याची पत्रं शनिवारी संध्याकाळी पेटीत पडत. सोमवारी दुपारी पोस्टमन पत्र द्यायचा, तोवर इथे मुलाखत आटोपून अहवालाचा मजकूरसुद्धा ठरलेला असायचा. यात कुणाचा दोष म्हणावा? रविवारी टपाल वाटत नाहीत, हा सरकारचाच नियम.

१९८४ साली माझ्या हातून चूक झाली. त्या शनिवारी शिपाई भिका सात पाकिटं घेऊन निघाला होता. पत्ते पाहिले तर सगळे गावातलेच. पन्नास पैशांप्रमाणे साडेतीन रुपये. मी म्हटलं, "भिका, दे इकडे. उद्या देवळातून येताना देते मी." मनात दुसरं काही नव्हतं, रामाची शपथ. फक्त साडेतीन रुपये होते.

रविवारी माझी एकादशी होती. शेवटचं पाकीट बौद्ध वस्तीतलं. सायखेड्याकडून इकडे आलेले चिमाजी पगारे, त्यांची मुलगी लता. तिच्या आईने, अंबूबाईंनी, दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, "उन्हाच्या आलात, पाणी घ्याल का?" मी क्षणभर थांबले. उपासाला पाणी चालतं, तरी थांबले. ते थांबणं त्या बाईने पाहिलं. मग मी पाणी प्याले, पण ते थांबणं काही त्यामुळे पुसलं गेलं नाही. एवढं माझ्याविषयी सांगून ठेवते, म्हणजे मी फक्त तात्यासाहेबांविषयीच बोलले असं होणार नाही.

सोमवारी सातच्या सात हजर. आपल्याकडे त्यांना बसवायला खुर्च्या नाहीत. लागल्याच नव्हत्या कधी.

तात्यासाहेब म्हणाले, "भिका, एवढी मंडळी कुठून आली रे?"

"पत्र घेऊन आल्यात जी. म्या नाय टाकली, बाईंनी हातानं दिली."

"वहिनी, हे काय केलंत?"

"साडेतीन रुपये वाचवले, तात्यासाहेब."

त्यावर सर्वांनी मला धन्यवाद दिले. आवाज जरा बारीक होता.

लता आत आली. बी.कॉम., सायकलवर आलेली. तात्यासाहेबांनी विचारलं, "बाळ, सवलतीतून नोकरी मिळेलही. पण इथे गुणवत्ता लागते. काम झेपेल का?"

ती म्हणाली, "सर, काम दाखवा ना. बोलून कसं कळेल?"

टायपिंगची परीक्षा ठरली. मजकूर कुठला द्यायचा? समोरच्या फायलीत वरती होता तो कागद तात्यासाहेबांनी पुढे केला. तिने एकदा पाहिला, उलटा ठेवला आणि यंत्र सुरू केलं. कागदाकडे मान वळवली नाही.

"अगं, बघून टाइप कर," तात्यासाहेब म्हणाले.

"पाठ आहे सर. हा दरवर्षी मीच टाइप करते."

सभागृहाला सांगायला हवं, की सहादूभाऊंची बोटं यंत्रावर अडखळत, म्हणून शाळेचे महत्त्वाचे कागद बाहेर एका टायपिंग क्लासात करून आणत. ती मजुरी मीच देत आले होते, पानाला पाऊण रुपया. त्या क्लासात संध्याकाळी यंत्रावर बसायची ती ही लता. आणि तो कागद होता गेल्या वर्षी खात्याला पाठवलेल्या अहवालाची प्रत. योग्य उमेदवार मिळाला नाही, हे वाक्य सलग तीन वर्षं योग्य उमेदवाराने टाइप केलं होतं, एकही चूक न करता.

मी तिला नंतर विचारलं, "अगं, तुला काही वाटलं नाही?" म्हणाली, "वाटलं ना काकू. पहिल्या वर्षी अर्ज केला होता मी. पत्र मुलाखतीनंतर आलं. मग त्याच आठवड्यात हा कागद आला टायपिंगला. क्लासच्या सरांना म्हटलं, हा दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, अर्जंट आहे, तुझा हात साफ आहे."

तिची नेमणूक झाली, एक वर्षापुरती. मग पुन्हा एक वर्ष, पुन्हा एक. सहादूभाऊ वसतिगृहाचे भांडारपाल झाले. त्या जागेसाठी जाहिरात द्यावी लागली नाही, योग्य उमेदवार लगेच मिळाला.

आता, तात्यासाहेब, ही तीन वर्षं तीस एप्रिलला संपतात. लताला कायम करण्याचा प्रस्ताव खात्याकडे जायचा आहे आणि निवड आपल्या काळातली, म्हणून सही आपलीच हवी. नवे कार्यवाह म्हणतात, मागच्या कामावर मी सही कशी करू? तेही बरोबरच. कागद दीड पानाचा आहे. जानेवारीपासून आपल्या टेबलावर होता. मी विचारलं की आपण म्हणायचात, "वहिनी, नीट वाचायचाय." तीस तारखेपर्यंत तो गेला नाही, तर जागा रिकामी धरून जाहिरात पुन्हा निघेल. अंबूबाईंनी मुलीच्या पगारावर धाकट्याला पॉलिटेक्निकला घातलंय. त्या मला काही म्हणाल्या नाहीत. मीच सांगतेय.

सत्काराच्या दिवशी सत्कारमूर्तींपुढे कागद धरणं शोभत नाही. आपण आता चिरंजिवांकडे पुण्याला राहायला जाणार, म्हणून आज सकाळी मी तो त्यांच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवला आहे. खात्याचे साहेब इथे बसलेत, त्यांच्या कानावर घातलं. आता तो मिळाला नाही असं व्हायचं नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. माझं शिक्षण थोडं, भाषणाची सवय नाही. कमीजास्त बोलले असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. तात्यासाहेब, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. पुण्यात पोहोचलात की तेवढी सही करावी. करायची नसेल, तर का नाही, ते आपल्या हस्ताक्षरात लिहावं. दोन्हीपैकी जे असेल ते उलट टपाली कळवावं, ही विनंती.