दुखण्याची आणेवारी

...आन् वरनं शाल! न्हाई, तुमीच सांगा, माणसाचा गुडघा दुखतो, तर शाल त्यानं बांधायची कुठं? आन् नारळ! चांगला शेंडीवाला, मानाचा. हार घातला, फोटो काढला, टाळ्या वाजल्या, आन् तो नारळ घिऊन मी घरी आलो तवा ध्यानात आलं, का नारळ फोडायला खाली बसावं लागतं! बसलो तर उठवणार कोण? मला उठवायला दोन माणसं लागत्यात, एक पुढनं वढायला आन् एक मागनं 'हं... हं...' म्हणायला. पर ऱ्हाऊ द्या. आपल्याला काय वाटत न्हाई, राव.

सत्कार कशाचा म्हणाल तर ऐका. 'सगळ्यात कमी दुखणारं गाव!' कुठलं? आमचं! लोणीच्या अलीकडं माळावर आमची वाडी, पावसाच्या चार थेंबांवर कांदा काढणारी माणसं. पहाटं उठताना घराघरातनं असा कडाकडा आवाज येतो, का वाटावं कुणी हरभरा भाजाया घातलाय. एका घरी नवा जावई मुक्कामाला व्हता. पहाटं दचकून उठला, म्हणला, छप्पर मोडतंय वाटतं! सासू आतनं म्हणती, "झोपा पावणं, तुमचं सासरं कूस बदलत्यात." आन् ह्या गावाला शाल! कमी दुखतं म्हणून!

तुमाला सांगतो, ह्या समद्याला कारण कांद्याची लागण. वाफ्यात पाणी सोडायचं आन् दिवसभर चिखलात वाकून रोप दाबत मागं मागं सरकायचं. आमच्याकडं बाई पाठमोरी वळखत्यात, तोंड बघायला मिळतंय कुठं? आमची मंडळी, मंगल... तिची बोटं बघितली न्हाईत तुमी. आल्याचा गड्डा बघितलाय? बास, तशी. ह्या पेऱ्याला गाठ, त्या पेऱ्याला गाठ. सकाळी मूठच वळत न्हाई. सूर्य कासराभर वर आला, का मग एकेक बोट जागं व्हतं. भाकरी थापायची सुटली, त्यालाबी लई दिवस झालं. आता थापतो मी. माझी भाकरी टाकली का आमचं कुत्रं आधी वास घेतं, मग माझ्याकडं बघतं, मग मंगलकडं बघतं, आन् मग नाइलाजानं खातं. तर खाऊ दे. आपल्याला काय वाटत न्हाई.

झालं काय, का एक दिवस चावडीम्होरं आरोग्याची जीप आली. जीपमधनं उतरलं बाळासाहेब, हे सांधेदुखीच्या मोहिमेचं मोठं साहेब. माईक हातात घेतला, फू फू केलं, आन् सुरू: "सन दोन हजार तीसपर्यंत, संधिवात असणाऱ्या प्रौढ व्यक्तींच्या वेदनेत लक्षणीय घट करणं, हे आपलं उद्दिष्ट आहे!"

'उद्दिष्ट' म्हणल्याबरुबर सोपानतात्या उठला आन् पळाला! आता तुमी म्हणाल का पळाला? आवो, त्याच्या तरुणपणी आरोग्याची जीप आन् 'उद्दिष्ट' हे दोन शब्द एकत्र आलं, का नसबंदीला धरून न्यायचं! ते डोक्यात बसलंय ना त्याच्या. हा माणूस काठीबिगर परसाकडं जात न्हाई, आन् काट्यांच्या कुंपणावरनं उडी मारून पल्याड! मी वरडतोय, "आरं तात्या, ऐंशीला टेकलास, तुजं आता बंद करायचं ऱ्हायलंय काय!" तर रानातनं आवाज येतोय, "न्हाई, न्हाई, मी इथंच बरा हाय!"

साहेब पुढं: "दुसरं उद्दिष्ट. सांधेदुखीमुळे ज्यांच्या कामावर मर्यादा येते, त्यांचं प्रमाण कमी करणं!" आता मर्यादा म्हंजे... आमच्यात मर्यादा बाईमाणसाला असती, कामाला कुठली असायला! "तिसरं, रोज अर्धा तास चाला!" तर मागं कुशाबाई उभी, डोक्यावर घासाचा हा एवढा भारा. म्हणती, "कुनीकडं चालू सायेब? सांगा. त्याच अंगाचा घास कापून आणीन." साहेबांनी पाणी प्यायलं.

मग आली तेजस्विनी मॅडम. तरणी पोर, व्यायाम शिकवणारी डॉक्टर. तिनं जीपमधनं एक इस्टीलचं भांडं काढलं. त्यात मेण वितळलेलं. म्हणली, "ह्यात हात बुडवायचा, काढायचा, परत बुडवायचा. मेणाचा मोजा तयार होतो, आतून छान शेक बसतो. मग बोटांचे व्यायाम करायचे. ह्या भागात एका गावात आपण केंद्र सुरू करतोय. जिथं गरज जास्त, तिथं मी बसणार."

मंगल सगळ्यात मागं उभी व्हती, हात पदराखाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या बाईनं मला कधी काय मागितलं न्हाई. मागितलं असंल, मी ऐकलं नसंल, तो भाग निराळा. पर त्या दिशी घरी जाताना रस्त्यात थांबली आन् म्हणली, "आवो, पोळत नसंल ना त्यात?"

"कशात?"

"त्या मेणात."

बास, एवढंच. जत्रंत पाळण्यात बसायच्या आधी पोरगी इचारती ना, तशी.

म्हणलं, ठरलं! भांडं आपल्याच गावात आलं पायजे! संध्याकाळी पारावर बैठक बसली. बसली म्हंजे निम्मी बसली, निम्मी उभीच, बसता येत न्हाई म्हणून. मधी गेणभाऊ. आमच्या गावात सरकारी भाषा फक्त ह्यालाच कळती, असं त्याचंच म्हणणं. म्हणला, "उद्या मॅडम इचारणार, दहापैकी किती दुखतं. दहापैकी म्हंजे काय, कळतंय का येड्यांनो? ही आणेवारी हाय! पीक पन्नास पैशाच्या आत, तर दुष्काळ. वर गेलं, तर बसा बोंबलत. शेजारच्या गावानं मागं इमानदारीत बावन्न पैसं लागू दिलं, काय झालं? दुष्काळ त्यांच्या बांधावरनं आपल्याकडं वळला! सरकारला मोठा आकडा दाखवला, का सरकार म्हणतं, मजेत दिसतंय तुमचं. म्हणून खाली सांगायचं. पाचाच्या आत! जितकं खाली तितकी मदत!"

आता ह्यात चूक काढा बरं तुमी! आमच्या बापजाद्यांनी सरकारला कधी आकडा वर सांगितलाय? सगळ्यांनी माना डोलावल्या. मणक्यामुळं ज्यांच्या माना डोलत नव्हत्या त्यांनी हात वर केलं. ज्यांचं खांदं धरल्यालं त्यांनी नुसतं तोंडानं 'हो' म्हणलं. ठराव मंजूर!

दुसऱ्या दिशी मॅडम मोबाइल घिऊन बसली. मोबाइलात तोंडं काढल्याली. शून्याला हसरं तोंड, दहाला रडकं. पहिला सयाजी. दोन काठ्यांवर, कमरंत असा वाकल्याला, का त्याला आभाळ बघायचं तर कुणीतरी आरसा धरावा लागतो.

"आजोबा, दहापैकी किती दुखतं?"

"एक."

"आजोबा, तुम्हाला नीट बसतासुद्धा येत नाहीये..."

"उभ्यानं एक."

कुशाबाई म्हणती, "दीड... थांब पोरी, सव्वा कर." आन् माझा नंबर आला. आता सगळं गाव बघतंय, आन् मी काय सयाजीच्या मागं ऱ्हाणार? म्हणलं, "पाव!" मॅडम म्हणती, "काका, पाव घेत नाही ह्यात." म्हणलं, "मग शून्य दाब!" तिचा इश्वास बसंना. म्हणली, "त्या चावडीच्या पायऱ्या चढून दाखवा." चढलो! तुमाला सांगतो, तिसऱ्या पायरीला डोळ्याम्होरं माझा आजा उभा ऱ्हायला, चौथ्या पायरीला पणजा आला, म्हणला, 'चल, जागा धरून ठिवलीय.' पर तोंडावर हसू! खाली पब्लिक टाळ्या वाजवतंय. वर गेलो खरा, उतरायचं मातुर जमंना. सगळा सर्व्हे व्हईस्तवर वरच बसून व्हतो, पुढाऱ्यावाणी.

वरनं मला मंगल दिसत व्हती. मॅडमनं तिचा हात हातात घेतला. एकेक गाठ चाचपली. मॅडमचा आवाज खाली आला, "काकू, किती दुखतं?"

मंगलनं मान वर केली आन् माझ्याकडं बघितलं. मी चावडीम्होरच्या कडुलिंबाकडं बघितलं. लिंबावर काय व्हतं म्हणाल तर कायच न्हाई, पर बघितलं.

"दोन," मंगल म्हणली.

"काकू, दोनच?"

"दोन."

"बरं, दुखण्यामुळे कधी काम थांबलंय का तुमचं?"

"थांबल्यावर करंल कोण, बाई?"

मॅडमनं दाबलं, 'नाही'. आता ह्यात मॅडमची काय चूक? भाकरीचं सोडा, रानातलं काम न्हाईच थांबलं कधी. साऱ्या गावात एवढंच एक उत्तर खरं निघालं, आन् तेच आमच्या मुळावर आलं.

मग काय, घोडेगावच्या एका मंगल कार्यालयात सत्कार! बाळासाहेबांच्या डोळ्यांत पाणी! "जे उद्दिष्ट आपण दोन हजार तीसला गाठणार होतो, ते ह्या गावानं आपण पोचायच्या आधीच गाठलं!" मला स्टेजवर बोलावलं, शून्यवाला म्हणून. चार पायऱ्या. आजा आन् पणजा परत आलं, आता तर वळखीचंच झालं. शाल, नारळ, फोटो. आन् भांडं? भांडं गेलं की खालच्या अंगाच्या गावाला. त्यांच्यात कुणी गेणभाऊ नव्हता. येड्यांनी खरं सांगितलं!

गेणभाऊ म्हणला, "घाबरू नका, सुधारित आणेवारी लावून घिऊ." आमी परत साहेबांकडं. म्हणलं, "सायेब, चुकलं. लई दुखतंय हो आमचं. नऊ करा, दहा करा." साहेब खुर्चीतनं उठलंच! "अहो, काय बोलताय! कमी झालेलं दुखणं परत वाढवून दाखवायचं? वरती काय सांगू मी? आता पुढच्या सर्व्हेलाच बघू." म्हणलं, "कधी हाय पुढचा?" म्हणं, "तीसला." गेणभाऊ बाहेर येऊन मला म्हणतो, "आपलं गणित बरुबर व्हतं. दुखणंच उलटं मोजत्यात ही लोकं." बोला! ह्या माणसाला काय म्हणायचं? आपल्याला काय वाटत न्हाई, राव.

पर मंगलला म्हणलं, चल. दोन एष्ट्या बदलून गेलो त्या गावाला. ही रांग! आधी पाचाच्या वरची माणसं, आन् आमची बाई दोन. उन्हं कलंस्तवर बसलो. मॅडमनं मंगलला वळखलं. म्हणली, "या काकू, नंबर-बिंबर राहू द्या." एवढा आनंद झाला, तुमाला सांगतो! मंगलनं बांगड्या माघारी सारल्या, पदर खोचला. भांडं म्होरं. मेण कसं साजूक तुपावाणी दिसत व्हतं.

मॅडम म्हणली, "आधी डोळे मिटा." दोन बाटल्या घेतल्या, एक गरम, एक गार. एक लावली मंगलच्या बोटांना. "गरम की गार, काकू?"

मंगल डोळं मिटून वाट बघती.

दुसरी लावली. "आता?"

मंगल म्हणली, "लावली का?"

मॅडमनं बाटल्या खाली ठिवल्या. मोबाइलात बघितलं, परत मंगलच्या हाताकडं बघितलं. म्हणली, "काकू, मेण नाही देता येणार मला. बोटं बधिर झालीत. पोळलं तरी तुम्हाला कळणार नाही. आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं. जरा आधी यायला हवं होतं हो."

मंगलनं पदर सोडला, बांगड्या म्होरं घेतल्या. त्या भांड्याकडं मातुर बघत ऱ्हायली. मग मला म्हणली, "बघा, पोळत न्हाई म्हणत्यात."

एष्टीत खिडकीला बसली. मी म्हणलं, जाऊ पुण्याला, मोठ्या डॉक्टरला दाखवू. म्हणली, "लागण झाल्यावर बघू." मग म्हणती, "दोन सांगितलं ते बरंच झालं. निदान खोटं तरी न्हाई पडलं. आता दुखतच न्हाई." मी खिडकीतनं लिंब शोधत व्हतो. त्या रस्त्याला लिंबबी न्हाई एक.

आपल्याला काय...

ऱ्हाऊ द्या. तर सांगत काय व्हतो, नारळ! तो नारळ अजून देव्हाऱ्यात हाय. मंगल रोज पुसती. म्हणती, मानाचा हाय, फोडून परसाद वाटला पायजे. तिच्या हाताला जोर न्हाई, माझा गुडघा वाकत न्हाई. सयाजीला म्हणलं, तू आधीच वाकल्याला हायेस, तू फोड! तर म्हणतो, वाकलोय, पर हात उचलत न्हाई. साऱ्या गावात एक माणूस घावंना! म्हणून आज संगं घिऊन आलोय, ह्यो बघा पिशवीत. तुमच्यात कुणाचं कायच दुखत नसंल, तर या म्होरं, तेवढा फोडून द्या. या की! ...कोण, तुमी? या या, भाऊ. सावकाश... खुर्ची धरा... कमरंवर हात कशाला ठिवला? तोंड का वाकडं केलं? किती दुखतं, दहापैकी?

...दोन?

बसा, भाऊ. बसा. शाल देतो.